एफिबसाठी अ‍ॅब्लेशन: जाळायचं, गोठवायचं की पल्स द्यायचे?

मीनल_र
नमस्कार. एरवी मी वाचनमात्र असते, आज धागा काढायची वेळ आली.

बाबा ६८ वर्षांचे. तीन वर्षांपासून एट्रियल फिब्रिलेशन (एफिब, हृदयाचे ठोके अनियमित होणं) आहे, येऊन-जाऊन असणारं, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत पॅरॉक्सिझमल. सुरुवातीला दोन महिन्यांतून एखादा झटका यायचा, आता आठवड्यातून दोनदा. झटका आला की ते काही बोलत नाहीत. डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं ठेवून खिडकीशी जाऊन बसतात, त्यावरून आम्हाला कळतं. विचारलं तर म्हणतात, "आज वेडंवाकडं चाललंय." कधी म्हणतात, "आज सरळ पळतंय, १५०."

ठोके ताळ्यावर ठेवायला दिलेल्या अमिओडरोनने थायरॉइड बिघडलं. गेल्या वर्षापासून त्याऐवजी फ्लेकेनाइड चालू आहे, फारसा फरक नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू आहेच. आता अ‍ॅब्लेशन (शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन बिघाडाची जागा निकामी करणं) करायचं नक्की झालंय, पण एक डॉक्टर म्हणतात क्रायो बलून, दुसरे म्हणतात नवीन पल्स्ड फील्डच करा. भावाचा मित्र या क्षेत्रातला आहे, तो म्हणतो रेडिओफ्रीक्वेन्सी (आरएफ) सगळ्यांत मुरलेली. तिघंही ठाम आहेत आणि आम्ही मधल्या मधे लोंबकळतोय. कोणी यातून गेलं असेल तर लिहा, प्लीज.

टवाळ
जाळायचं की गोठवायचं? शीर्षक वाचून जुन्या प्रेमपत्रांचा धागा आहे असं वाटलं. असो, काकांना शुभेच्छा. रुमाल टाकून बसतो.

लेड_एप्रन
कॅथ लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, त्यामुळे डॉक्टरांच्या खांद्यावरून बरंच पाहिलंय.

आधी मुळाशी जाऊ. फुप्फुसांकडून शुद्ध रक्त आणणाऱ्या शिरा, बहुधा चार, डाव्या अलिंदात, म्हणजे हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात, उघडतात. अलिंदाचा स्नायू या शिरांच्या तोंडात थोडा आत शिरलेला असतो, बाहीसारखा. बऱ्याचदा ठिणगी पडते ती तिथेच. १९९८ मध्ये बोर्दोच्या हायसागेर आणि मंडळींनी ४५ रुग्णांत ठिणगीच्या जागा शोधल्या. सापडल्या ६९, त्यातल्या ६५ या शिरांमध्ये. म्हणून तिन्ही पद्धतींचं पहिलं काम एकच: शिरांच्या तोंडाभोवती कुंपण घालून आतली ठिणगी बाहेर येऊ न देणं.

फरक कुंपण घालण्याच्या तऱ्हेत. आरएफमध्ये कॅथेटरच्या, म्हणजे बारीक नळीच्या, टोकाने एकेक ठिपका तापवत शिरेभोवती गोल पुरा करायचा. हातशिलाई म्हणा ना. क्रायोमध्ये २८ मिलिमीटरचा फुगा शिरेच्या तोंडात बुचासारखा बसवतात आणि आत नायट्रस ऑक्साइड सोडून उणे ४०-५०पर्यंत गार करतात. सगळा गोल एका दमात गोठतो. पल्स्ड फील्डमध्ये जाळणं-गोठवणं हे मुख्य कामच नाही. अतिशय छोट्या, उच्च व्होल्टेजच्या विजेच्या स्पंदनांनी पेशींच्या पटलाला भोकं पडतात आणि पेशी मरतात. हृदयाच्या स्नायूपेशी याला लवकर बळी पडतात, शेजारची अन्ननलिका आणि मज्जातंतू बऱ्यापैकी टिकून राहतात. या पद्धतीचं सगळं आकर्षण इथे आहे.

क्रायोच्या वेळची एक गोष्ट सांगतो. उजव्या बाजूच्या शिरांना अगदी खेटून श्वासपटलाची नस, फ्रेनिक नर्व्ह, जाते. ती गोठू नये म्हणून वरून तिला पेसिंग, म्हणजे विजेचे हलके धक्के, देत राहतात, दर सेकंद-दोन सेकंदांनी श्वासपटल उडतं. आमच्यापैकी एक जण रुग्णाच्या पोटावर तळहात ठेवून उभा राहतो. धक्का, धक्का, धक्का. जरा मंद वाटला की ओरडायचं आणि त्या क्षणी गोठवणं बंद. पडद्यावर आलेखही असतो, पण हात काढत नाही कोणी.

अनुराधा_स
@लेड_एप्रन, माझ्या वेळी तो हात कोणाचा होता कोण जाणे. :)

माझं क्रायो झालं तेव्हा मी ५४ वर्षांची. दुसऱ्या दिवशी घरी आले आणि एक मजला चढून मधेच बसकण मारली. मला वाटलं भुलेचा असर असेल. आठवड्याने एक्स-रे काढला तर उजवं श्वासपटल वर सरकून बसलेलं. जवळजवळ सात महिने मी उशांची चळत करून झोपले. मग हळूहळू आपसूक सुधारलं. एफिब मात्र तेव्हापासून नाही, आता तिसरं वर्ष चालू आहे.

राग त्या इजेचा नाही. राग याचा की संमतिपत्रकात एक ओळ सोडली तर तोंडाने कोणीही काही सांगितलं नव्हतं. मीनल, जी काही पद्धत घ्याल तिचा "सगळ्यांत जास्त होणारा त्रास कोणता आणि तुमच्याकडे किती जणांना झाला" हे डॉक्टरांना तोंडावर विचारा.

ठोकेबाज
आयडी उगीच घेतलेला नाही. दोनदा आरएफ झालेला प्राणी.

पहिल्यांदा साडेतीन तास लागले. त्यानंतर जांघेत दाब देऊन सहा तास सरळ झोपवतात, पाय हलवायचा नाही. हृदयाचं काय झालं ते भुलेमुळे आठवत नाही, त्या सहा तासांतली पाठ मात्र जन्मभर आठवेल.

घरी आल्यावर नवव्या दिवशी पहाटे १४० ठोके. बाथरूमच्या फरशीवर बसून चक्क रडलो. सगळं पाण्यात गेलं म्हणून. मला कोणी नीट सांगितलंच नव्हतं की सुरुवातीचे आठवडे हृदय खवळलेलं असतं आणि त्या काळातले झटके अपयशात धरत नाहीत. आधी हा काळ तीन महिने मानायचे, २०२४ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीत तो आठ आठवड्यांवर आणलाय. माझं तिसऱ्या महिन्यात शांत झालं.

आणि दीड वर्षाने परत आलं. दुसऱ्या वेळी नकाशा काढला तर डाव्या वरच्या शिरेच्या कुंपणाला एक फट. एवढीशी. लेड_एप्रन म्हणतात ती हातशिलाई, तिचा एक टाका उसवला होता. तो घातला, आता चार वर्षं झाली. तर मीनलताई, "दुसऱ्यांदा करावं लागेल का" हाही प्रश्न यादीत घाला. लागू शकतं, पद्धत कोणतीही असो.

पी_व्हॅल्यू
अनुभव वाचले, आता थोडे आकडे. कंटाळा येणाऱ्यांनी पुढच्या प्रतिसादावर उडी मारावी.

आरएफ विरुद्ध क्रायो: फायर अँड आइस नावाची चाचणी, २०१६, ७६२ रुग्ण. वर्षभरात अपयश क्रायोत ३४.६ टक्के, आरएफमध्ये ३५.९. म्हणजे बरोबरी. क्रायो लवकर आटोपलं पण क्ष-किरण जास्त लागले, आणि घरी जाताना श्वासपटलाच्या नसेची इजा २.७ टक्के लोकांत होती, आरएफमध्ये एकालाही नाही. अनुराधाताई त्या २.७ मधल्या.

पल्स्ड फील्ड विरुद्ध जुन्या दोन्ही: अ‍ॅडव्हेंट, २०२३, ६०७ रुग्ण. यश ७३.३ विरुद्ध ७१.३ टक्के. परत बरोबरीच. "नवीन ते भारी" म्हणणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावावा.

पण २०२५ ची चॅम्पियन चाचणी जरा वेगळी निघाली. २१० रुग्ण, सगळ्यांच्या छातीत त्वचेखाली सतत नोंद करणारं यंत्र. झटके परत आले ते पल्स्ड फील्डमध्ये ३७.१ टक्के, क्रायोत ५०.७. ५० टक्के बघून घाबरू नका. हे यंत्र ३० सेकंदांचा झटकासुद्धा पकडतं, जो माणसाला कळतही नाही. अधूनमधून ईसीजी काढून मोजलं की यश जास्त दिसतं, सतत मोजलं की कमी. म्हणून एका चाचणीचा आकडा उचलून दुसरीच्या शेजारी ठेवायचा नाही.

शंकासुर
छान. आता कोणीतरी हेही सांगा की हे सगळं करून आयुष्य वाढतं का?

कबाना चाचणी, २०१९, २२०४ रुग्ण. मृत्यू, गंभीर पक्षाघात, मोठा रक्तस्राव, हृदय बंद पडणं हे सगळं एकत्र धरून अ‍ॅब्लेशन आणि औषधं यांत ठोस फरक नाही. या फुग्यांच्या आणि पल्सांच्या शर्यतीत पैसा कंपन्यांचा असतो. अर्ध्या लोकांना तर "काहीतरी मोठं केलं" या भावनेनेच बरं वाटत असेल.

पी_व्हॅल्यू
@शंकासुर, कबानाबद्दल बरोबर. फक्त औषधांच्या गटातल्या बऱ्याच जणांनी नंतर अ‍ॅब्लेशन करून घेतलं, त्यामुळे तुलना पातळ झाली. आणि त्याच चाचणीत रोजचं जगणं मात्र अ‍ॅब्लेशनवाल्यांचं सुधारलं.

"भावनेनेच बरं वाटतं" हे तपासून झालंय. शॅम-पीव्हीआय, २०२४, १२६ रुग्ण. निम्म्यांचं खरं क्रायो, निम्म्यांचं नाटकी. नाटकी गटालाही भूल, टोचणं, अगदी फ्रेनिकचं पेसिंगसुद्धा, म्हणजे पोट उडतंय आणि आत काहीच नाही! सहा महिन्यांत एफिबमध्ये जाणारा वेळ खऱ्या गटात सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाला, नाटकी गटात ३५ टक्क्यांनी. लक्षणांतही खरा गट स्पष्ट पुढे.

शंकासुर
नाटक्यांचंही ३५ टक्क्यांनी कमी झालं हे तुम्हीच लिहिलंत. बाकी मागे घेतो. अर्धं.

टवाळ
शंकासुराने अर्धं मागे घेतलं! धागा जतन करून ठेवा रे.

घोरपडे
हे माझं आडनाव नाही. घोरण्यावरून बायकोने दिलेलं नाव आहे.

मी अ‍ॅब्लेशनच्या तयारीने गेलो होतो. डॉक्टरांनी बायकोला एकच प्रश्न विचारला, "रात्री यांचा श्वास मधेच थांबतो का?" ती म्हणाली, "थांबतो, मग मी कोपर मारते." स्लीप स्टडी झाली, तासाला ३८ वेळा श्वास अडत होता. सीपॅप (झोपेत मुखवट्यातून हवा देणारं यंत्र) लागलं, ११ किलो वजन उतरवलं, बीपीच्या गोळ्या नीट लावल्या. झटके महिन्याला सहा होते ते दोन महिन्यांत एक झाले. अ‍ॅब्लेशन वर्षभर लांबलं, शेवटी केलंच, पण तोवर अलिंदाचा आकारही थोडा उतरला होता.

ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडच्या गटाचा २०१५ चा अभ्यास आहे, लेगसी नावाचा. १० टक्के किंवा जास्त वजन उतरवून टिकवणाऱ्यांची ठोके सरळ राहण्याची शक्यता सहापट निघाली. हे कोणी विकत नाही म्हणून कोणी सांगतही नाही. काका घोरतात का?

चिन्मयी
अवांतर: हातातल्या घड्याळात ईसीजी येतो त्याचा उपयोग होतो का? सासरे दिवसातून चाळीसदा काढतात आणि मला पाठवतात.

ठोकेबाज
@चिन्मयी, उपयोग होतो, झटका आला तेव्हाची पट्टी डॉक्टरांना दाखवता येते. उरलेल्या एकोणचाळीस वेळा घड्याळ चार्जरला लावून द्या.

नाडीपरीक्षक
फिजिशियन आहे, अ‍ॅब्लेशन स्वतः करत नाही, पण ते करून आलेले बरेच जण माझ्यासमोर बसतात. दोन-तीन गोष्टी.

आधी धोक्याचं. जाळण्याच्या पद्धतीत अलिंदाची मागची भिंत आणि अन्ननलिका यांत जेमतेम काही मिलिमीटर अंतर असतं. फार क्वचित तिथे जखम होऊन दोघांत भोक पडतं. मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत हे आरएफनंतर ०.०३८ टक्के, क्रायोनंतर ०.००१५ टक्के आढळलं. क्वचित खरं, पण झालं तर निम्म्याहून जास्त रुग्ण जातात, आणि ते होतं बहुधा तिसऱ्या आठवड्यात, जेव्हा सगळे निर्धास्त झालेले असतात. म्हणून अ‍ॅब्लेशननंतर दोन महिन्यांत ताप, गिळताना दुखणं, छातीत दुखणं किंवा बोलण्या-चालण्यात अचानक फरक, यातलं काहीही झालं तर जिथे अ‍ॅब्लेशन झालं तिथेच फोन करायचा. छातीचा सीटी करतात. कोणी घाईने एंडोस्कोपी करायला निघालं तर अ‍ॅब्लेशन झाल्याचं आधी सांगायचं, कारण तीत भरलेली हवा त्या भोकातून रक्तात जाऊ शकते.

पल्स्ड फील्डच्या १७ हजारांवर रुग्णांच्या नोंदीत असं भोक एकही नाही. हा फायदा खरा आहे, अ‍ॅडव्हेंटमधल्या दोन टक्क्यांच्या फरकापेक्षा कितीतरी खरा. तिचे स्वतःचे त्रास आहेत: हृदयाच्या रक्तवाहिनीला तात्पुरती उबळ, आणि पल्स फार दिले तर लाल पेशी फुटून मूत्रपिंडावर ताण. त्याच नोंदीत ०.०३ टक्के लोकांना त्यापायी डायलिसिस लागलं.

दुसरं, रक्त पातळ करायची गोळी. ठोके सरळ झाले म्हणून ती आपल्या मनाने बंद करायची नाही. निदान दोन महिने सगळ्यांना, पुढे वय, बीपी, मधुमेह, आधीचा पक्षाघात यावरून ठरतं. ६८ म्हणजे पक्षाघाताच्या धोक्याच्या मोजणीत वयाचा एक गुण आहेच.

आता मीनलताई, तुमच्या पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य मला सोडत नाही. बाबा म्हणतात "आज वेडंवाकडं" आणि "आज सरळ पळतंय, १५०". एफिबमध्ये नाडी सरळ पळत नाही, अनियमित असते, तो तिचा स्वभाव आहे. नियमित आणि १५० च्या आसपास म्हटलं की माझ्या डोक्यात फ्लटर येतं. त्यात अलिंद मिनिटाला ३०० च्या आसपास फिरतं आणि दोनातला एक ठोका खाली उतरतो. शिवाय फ्लेकेनाइडने कधीकधी फिब्रिलेशनचं फ्लटरमध्ये रूपांतर होतं. असं "सरळ" पळत असतानाचा एखादा ईसीजी आहे का? फाइल धुंडाळा.

अनुराधा_स
नाडीपरीक्षक, मानलं. मी ते वाक्य दोनदा वाचलं होतं आणि "काका गमतीशीर आहेत" एवढंच वाटलं होतं.

मीनल_र
काल रात्री सगळी फाइल जमिनीवर पसरली. बावीस ईसीजी निघाले. त्यातल्या एकावर, मार्चमधल्या, बारीक छापलंय: एट्रियल फ्लटर. रेघ सरळ नाहीच, खालच्या ओळीत करवतीसारखे दाते, सारखे, एकामागून एक. हा कागद दोन्ही डॉक्टरांनी पाहिला नव्हता, कारण मीच तो जुन्या रक्ततपासण्यांच्या प्लास्टिकच्या पिशवीत घातला होता. आणि हो, फ्लेकेनाइड तेव्हा चालूच होतं.

घोरपडेकाका, बाबा घोरतात. आई म्हणाली, "हे विचारायला एवढं शिकलेल्या माणसांचा धागा लागला का?" स्लीप स्टडी पुढच्या आठवड्यात.

लेड_एप्रन
करवतीचे दाते म्हणजे बहुतेक नेहमीचं फ्लटर. ते डाव्या बाजूचं दुखणंच नाही. उजव्या अलिंदात ट्रायकस्पिड झडप आणि खालची महाशिरा यांच्यामध्ये एक चिंचोळी पट्टी असते, वीज तिथून गोल गोल फिरते. त्या पट्टीवर आडवी रेघ मारली की वर्तुळ तुटतं.

तुमच्या मूळ प्रश्नाला इथे वळण मिळतं. क्रायोचा फुगा शिरांच्या तोंडासाठी बनलाय, त्याने ही रेघ मारता येत नाही. म्हणजे क्रायो घेतलं तरी रेघेसाठी वेगळं आरएफ कॅथेटर काढावंच लागणार. पल्स्ड फील्डने रेघ मारता येते, पण उजवी करोनरी धमनी तिथे अगदी जवळून जाते आणि तिला उबळ येते. म्हणून आधी नायट्रोग्लिसरीन देतात, किंवा शिरा पल्सने आणि रेघ आरएफने करतात. आरएफ घेतलं तर एकाच कॅथेटरने दोन्ही कामं.

पी_व्हॅल्यू
रेघांचा विषय निघालाच आहे तर, ही रेघ वेगळी, फ्लटर सिद्ध असेल तरच. नाहीतर "एवढे आत गेलोय तर अजून चार रेघा मारू" याला अर्थ नाही. स्टार एएफ-२, २०१५, ५८९ रुग्ण, तेही कायम टिकणाऱ्या एफिबचे. नुसत्या शिरा बंद केल्या तर ५९ टक्के यश, वर रेघा मारल्या तर ४६. फरक संख्याशास्त्रात बसला नाही, पण जास्त जाळून फायदा झाला नाही हे नक्की.

शंकासुर
म्हणजे दोन आठवडे आपण फुगा की पल्स यावर भांडलो आणि उत्तर प्लास्टिकच्या पिशवीत होतं.

मीनल_र
उशिरा लिहितेय, माफ करा. तो मार्चचा ईसीजी घेऊन दोघांकडे परत गेलो. क्रायोवाले डॉक्टर स्वतःहून म्हणाले, आता मी क्रायोचा आग्रह धरणार नाही. पल्सवाले म्हणाले, शिरा पल्सने आणि रेघ आरएफने करू. अनुराधाताईंचा प्रश्न दोघांनाही विचारला. आरएफही वर्षानुवर्षं करत असलेल्या पहिल्या, म्हणजे क्रायोवाल्या, डॉक्टरांनी वही काढून स्वतःच्या रुग्णांचे आकडे सांगितले, दोन टॅम्पोनाड धरून, म्हणजे हृदयाभोवती रक्त साचलेले. बाबा म्हणाले, "जो स्वतःच्या चुका मोजतो त्याच्याकडे जाऊ." म्हणून शिरा आणि रेघ दोन्ही आरएफ. अन्ननलिकेत तापमानाची तार होती, मागच्या भिंतीवर ऊर्जा कमी ठेवली. पावणेतीन तास. सीपॅपही सुरू झालंय, मुखवट्यावरून रोज भांडण.

ठोकेबाज
काकांना म्हणावं नवव्या दिवसाची तयारी ठेवा.

मीनल_र
अकराव्या दिवशी आला. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर खिडकीशी, दोन बोटं मनगटावर. "सरळ की वेडंवाकडं?" विचारलं. "वेडंवाकडं. पण जरा दमलेलं वाटतंय." ४० मिनिटांत गेला. तेवढ्या वेळात त्यांनी माझ्याकडून हा धागा वाचून घेतला, ठोकेबाज यांची बाथरूमच्या फरशीवाली पोस्ट दोनदा. ताप नाही, गिळायला त्रास नाही, गोळी चालू आहे. होल्टर (अंगावर लावून सतत ईसीजी नोंदणारं यंत्र) तिसऱ्या महिन्यात, तेव्हा लिहीन.